इंग्लंडमधल्या रेडिंगच्या बागेतला कॅनरी खजूर : हिवाळा २०२२-२३ च्या नोंदी

२५ सप्टेंबर २०२२, रविवार

या वर्षी सगळं तारखेनिशी लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण गेल्या दोन हिवाळ्यांत नेमकं काय केलं, कधी झाकलं, कधी उघडलं काही म्हणजे काही आठवत नाही, आणि दर नोव्हेंबरात मी पहिल्यापासून सुरुवात करतो.

तर झाड : फिनिक्स कॅनेरियन्सिस, म्हणजे कॅनरी बेटांवरचा खजूर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जमिनीत लावला, तेव्हा आठ इंची कुंडीत होता आणि गवताच्या झुबक्यासारखा दिसायचा. आज टेप लावून मोजलं, झावळ्यांचं टोक सव्वादोन मीटरवर, बुंधा अजून जमिनीच्या वर आलेलाच नाही पण बुडाचा गड्डा २८ सेंटिमीटर रुंद. झावळ्या ३१. जागा घराच्या दक्षिण भिंतीपासून दीड मीटर, माती चिकण, पाणी धरून ठेवणारी, लावताना खाली दोन पोती खडी घातली होती तीच आता कामाला येतेय असं मी मानून चाललोय.

१९ जुलैला देशात पहिल्यांदा पारा चाळीसच्या वर गेला तेव्हा आमचं लॉन करपून पापडासारखं झालं होतं, शेजाऱ्यांचे हायड्रेंजिया माना टाकून बसले होते आणि हा पठ्ठ्या मात्र त्या महिन्यात दोन नव्या झावळ्या काढून मोकळा. उन्हाचं त्याला काहीच वाटत नाही. वाटणार कसं, आपल्या शिंदीचा सख्खा चुलतभाऊ आहे. शिंदी म्हणजे फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, आमच्या सांगोल्याकडे ओढ्याकाठी उभी असते ती (इथल्या मराठी मंडळात मी शिंदी म्हटलं की चार जण लगेच दारूबद्दल बोलायला लागतात, झाडाबद्दल कोणी बोलत नाही).

अडचण थंडीची. साधारण उणे सहा-सातला याची पानं भाजतात, त्याच्या खाली दोन-तीन अंश गेलं की शेंड्याचं काही खरं नाही. आणि पाम जातीच्या एका खोडाला साधारणपणे शेंडा एकच. आंबा, पेरू, गुलाब वरून मेला तर खालून फुटतो, याला तशी सोयच नाही, आत गाभ्यात मुठीएवढा एक पांढरा मऊ भाग असतो तिथूनच प्रत्येक नवं पान येतं, तो गेला की बाकी सगळं हिरवं दिसत असलं तरी झाड गेलं. नारळवाल्यांना हे सांगायला नको.

आज या वर्षाचं शेवटचं खत. फक्त पोटॅश, नत्र अजिबात नाही, आत्ता नत्र घातलं तर कोवळं लुसलुशीत पान निघेल आणि तेच आधी मरेल.

२३ ऑक्टोबर, रविवार

उद्या लक्ष्मीपूजन. आईचा फोन, "केरसुणी आणलीस का?" म्हटलं इथे कुठली केरसुणी, लंडनच्या साउथॉलला गेल्या खेपेला शोधली, लांब काठीचा मऊ फुलझाडू मिळाला, शिंदीची नाही मिळाली. ती म्हणाली, "मग तुझ्या त्या झाडाचीच दोन पानं काप की, शिंदीच आहे म्हणतोस ना." मी म्हटलं आई, हिवाळ्याच्या तोंडावर हिरवं पान कापायचं नसतं. त्यावर ती जे हसली.

सामान जमवायला लागलोय. जाड फ्लीस (थंडीत झाडं झाकायचं पांढरं कापड) आहे गेल्या वर्षीचा, धुवून वाळवला. बांबूच्या काठ्या आहेत. ज्यूटची दोरी घ्यायचीय. पेंढा पाळीव प्राण्यांच्या दुकानात सशांच्या विभागात मिळतो, पण नीट बघून घ्यायचा, शेजारीच वाळलं गवत असतं आणि ते ओलं झालं की लगदा होतो, पेंढ्याच्या नळ्या पोकळ असतात म्हणून त्यात हवा राहते.

उबेसाठी गेल्या वर्षी मी काय केलं होतं तर दिवाळीच्या माळा झाडाभोवती गुंडाळल्या होत्या. झाड इतकं सुंदर दिसत होतं की रस्त्यावरून जाणारे लोक फोटो काढायचे. जानेवारीत कधीतरी हात लावून बघितला तर माळ गार. एलईडी! जुन्या पद्धतीचे बारके बल्ब तापायचे म्हणून लोक पूर्वी ती युक्ती करायचे, एलईडीत तापण्यासारखं जवळजवळ काही नसतंच. म्हणजे अख्खा हिवाळा मी झाडाला फक्त रोषणाई केली. गेलं वर्ष सौम्य होतं म्हणून निभावलं.

या वर्षी सरडे-साप पाळणाऱ्यांच्या दुकानातून ५० वॉटची हीटिंग केबल आणली, सोबत सॉकेटमध्ये बसणारा थर्मोस्टॅट, त्याचं सेन्सर शेंड्याजवळ ठेवायचं. बायकोचा पहिला प्रश्न विजेचा, आणि तिचं बरोबर आहे, या महिन्यापासून युनिटला ३४ पेन्स. हिशोब करून दाखवला : रात्रभर चौदा तास सलग चालली तरी पाऊण युनिटच्या आत, म्हणजे २४ पेन्स. ती म्हणाली, "आपल्या बेडरूमचा हीटर सतराला ठेवलायस आणि झाडाला रात्रभर केबल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१३ नोव्हेंबर, रविवार

नोव्हेंबर कसला, १६ अंश आहे बाहेर. झाकायचं नाही. हे स्वतःलाच बजावून लिहितोय, कारण उत्साहाच्या भरात लोक पहिल्या गार वाऱ्याला झाड गुंडाळून टाकतात आणि मग ते आत घामाघूम होत बसतं. फक्त बांधून ठेवलं, म्हणजे ऐन वेळी काम कमी.

बांधायची पद्धत : बाहेरच्या झावळ्यांपासून सुरू करायचं नाही, आतल्या उभ्या आठ-दहा आधी एकत्र धरायच्या, सैल दोरी, मग त्याच्यावर पुढची फेरी, असं तीन टप्प्यांत. शेवटी छत्री मिटल्यासारखं दिसतं. दोघं असले तर बरं, एकाने मिठी मारायची आणि दुसऱ्याने दोरी फिरवायची. मुलगा मदतीला होता पण त्याने पहिल्या मिठीतच ओरडून माघार घेतली.

कारण काटे. झावळीच्या बुडाकडची पानं पानंच नसतात, त्यांचे दाभण झालेले असतात, चार-पाच इंच लांब, हिरवे-पिवळे, टोक सुईसारखं आणि दिसायला अगदी निरागस. माझ्या उजव्या अंगठ्यात एक गेला, कातडी हातमोजा असून. बाहेर काढला तेव्हा टोकाचा दोन मिलिमीटरचा तुकडा आतच राहिला. संध्याकाळी बायकोने सुई तापवून काढला. हा काटा सांध्यात घुसून आत राहिला तर सांधा महिनोन्महिने सुजून राहतो, त्यामुळे हसण्यावारी न्यायचं नाही. पुढच्या वर्षी वेल्डिंगचे हातमोजे.

शेजारचे आजोबा कुंपणावरून सगळं बघत होते. त्यांच्या बागेत चुसान पाम आहे, ट्रॅकिकार्पस, चीनमधून रॉबर्ट फॉर्च्युन या वनस्पतीसंग्राहकाने आणलेला तो, उणे बारा-पंधरालाही त्याला काही होत नाही, बर्फ अंगावर घेऊन उभा असतो. आजोबा वीस वर्षांत त्याला कधी चादरही घालत नाहीत. त्यांनी मला दर वर्षीप्रमाणे विचारलं की तू असा का नाही लावलास. मी दर वर्षीप्रमाणे म्हटलं की मला खजूर हवा होता.

६ डिसेंबर, मंगळवार

अंदाज बदलला. उद्यापासून उत्तरेचं वारं, आठवडाभर तरी. ऑफिसमधून लवकर निघून हेडलाइट लावून काम केलं.

आधी बुडाभोवती झाडाच्या सालीचा भुगा, चार इंच थर, गड्ड्यापासून जरा अंतर सोडून. मग केबल : बुडापासून वर शेंड्यापर्यंत सैल वेटोळी, एकमेकांवर न चढवता, आणि केबलला पेंढा लागणार नाही अशी, कारण वाळका पेंढा आणि तापलेली वायर हे काही चांगलं स्थळ नाही. शेंड्यात, म्हणजे बांधलेल्या झावळ्यांच्या मध्ये जी पोकळी राहते तिथे, वरच्या बाजूने तीन मुठी पेंढा. सभोवती चार बांबू, त्यावर फ्लीसचे दोन थर, आणि डोक्यावर जुनी प्लॅस्टिकची बादली उलटी, पाऊस आत जाऊ नये म्हणून. दोरीने आवळलं. थर्मोस्टॅट तीन अंशांना चालू, आठ अंशांना बंद. बाहेरच्या सॉकेटला आरसीडी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे, तरी प्लग डब्यात ठेवला.

लांबून पांढऱ्या साडीतली बाई उभी असल्यासारखं दिसतं. रात्री अकराला कचरा टाकायला गेलो आणि स्वतःच दचकलो.

८ डिसेंबर

बाहेर उणे ४.२, आत शेंड्याजवळ ३.६. केबल काम करतेय. ऑफिसमध्ये दोन वेळा फोनवर आतलं तापमान बघितलं.

१२ डिसेंबर, सोमवार

काल रात्री बर्फ. लंडनकडे जास्त पडला, गाड्यांचा पार बोऱ्या वाजला, आमच्याकडे पातळ थर. फ्लीसवर साचलेला बर्फ काठीने हलकेच पाडला, ओझ्याने बांबू कलला होता एक. आत ४.१.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "अरे झाडाला गोधडी घातलीस?" मग जरा थांबून, "आत वारा जातो ना पण?" मी म्हटलं हो हो, फ्लीसमधून हवा जाते. बादलीचं बोललो नाही.

१५ डिसेंबर, गुरुवार

पहाटे साडेसहाला उणे ७.८. माझ्या थर्मामीटरवर आत्तापर्यंतचं सगळ्यात खालचं. गाडीचं दार उघडेना, पक्ष्यांच्या पाण्याच्या ताटलीत बर्फाची थाळी, ती उलटी केली तर मुलगा तिला आयफोनसारखं धरून फिरत होता. झाडाच्या आत २.४. केबल रात्रभर बंद झालीच नाही. एका रात्रीत २४ पेन्स, ठरल्याप्रमाणे.

आजोबा म्हणाले, हे काहीच नाही, डिसेंबर २०१० मध्ये त्यांची कॉर्डिलाइन गेली. इथे समुद्रकाठच्या गावांमधून त्या कॉर्डिलाइनलाच सगळे पाम म्हणतात, टॉर्कीची तर ती ओळखच आहे, प्रत्यक्षात ते न्यूझीलंडचं झाड आणि पाम नव्हेच. म्हणून तर ती वरून मेल्यावर दोन वर्षांनी बुडातून चार फुटवे आले, आज पुन्हा छपराएवढी आहे. माझ्या खजुराला अशी दुसरी संधी नाही हे ते मला सांगत होते की नुसतीच आठवण काढत होते कळलं नाही.

२६ डिसेंबर

इथे दहा दिवसांची नोंदच नाही. खरं कारण लिहितो. १८ तारखेला थंडी एकदम ओसरली, १९ ला तर १३ अंश आणि पाऊस. त्या दिवशी उघडायला हवं होतं. पण १८ ला फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल होती, अर्जेंटिना-फ्रान्स, ती संपेपर्यंत अंधार पडला, मग मला ताप भरला, मग पोराला, मग नाताळची पाहुणेमंडळी. झाड गुंडाळलेलंच. आज बादली काढली, हात घातला, पेंढा दमट लागला. उबदार आणि दमट. वास काही नव्हता. पेंढा बदलला नाही, वरून थोडा मोकळा केला आणि परत बादली ठेवली, कारण वरून पाऊस चालूच होता.

हे वाक्य आज साधं वाटतंय.

२९ डिसेंबर, गुरुवार

पाहुण्यांना घेऊन लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानात. पाम हाउस या तिथल्या काचघरात शिरलं की चष्म्यावर धुकं येतं ते पाच मिनिटं जात नाही, आणि मग पुसून बघावं तर समोर नारळ, केळ, कोको. बायको म्हणाली अगदी जूनमधलं सावंतवाडी. १८४४ ते १८४८ मध्ये बांधलेलं, डेसिमस बर्टन आणि रिचर्ड टर्नर यांचं, लोखंड आणि काच. पण मला या खेपेला त्या काचांपेक्षा खालचं प्रकरण जास्त आवडलं : बॉयलर जमिनीखाली होते आणि धुराड्याने इमारतीची शोभा जाऊ नये म्हणून धूर भुयारातून लांबच्या एका मनोऱ्यापर्यंत नेला होता, कोळसाही त्याच भुयारातून यायचा. म्हणजे साम्राज्य ऐन भरात असतानाही इथे पाम जगवायला खाली सतत कोणीतरी फावड्याने कोळसा ओढत होतं. मी ५० वॉटवर भागवतोय.

पाहुण्यांना हे सगळं मी तीनदा सांगितलं असं नंतर कळलं.

८ जानेवारी २०२३, रविवार

सगळं सोडलं. फ्लीस, बादली, दोरी. बाहेर दहा अंश, वारा.

पेंढ्याच्या खालच्या थरावर राखाडी बुरशी. कापसासारखी. झावळ्या हिरव्यागार आहेत, एकही भाजलेली नाही, लांबून बघणाऱ्याला वाटेल काय मस्त राखलंय. पण मधल्या कोंबाच्या बुडाशी पाणी साचलेलं, बोट घातलं तर गार आणि बुळबुळीत. बाहेरून पाऊस आला नव्हता, बादली होती. हे पाणी आतलंच. माती ओली, तिची वाफ वर, केबलची ऊब, फ्लीसचे दोन थर, वर प्लॅस्टिकचं झाकण. थोडक्यात मी तीन आठवडे झाडाला वाफारा दिला.

बायको म्हणाली, "तुझं म्हणजे, बाळाला पाच स्वेटर घालायचे आणि घामोळं आलं की डॉक्टरकडे पळायचं."

पेंढा फेकला. टॉवेलच्या चिंध्या काठीला बांधून शेंड्यातलं पाणी टिपलं. उघडं ठेवलं. वर फक्त प्लॅस्टिकचा पत्रा, चार बांबूंवर, चारी बाजूंनी मोकळा.

२२ जानेवारी, रविवार

पुन्हा थंडी, या वेळी धुक्यासकट. गोठणारं धुकं प्रत्येक काट्यावर पांढरी लोकर चढवून जातं, झाड दिसतं देखणं. उणे ६.१. फ्लीसचा एकच थर, पेंढा नाही, रात्री घालतो आणि सकाळी काढतो, बायको घरून काम करते त्या दिवशी ती काढते आणि मला फोटो पाठवते, खाली नुसतं "काढलं". वर बादली नाही.

पोंगा, म्हणजे तो मधला कोंब, अजून ताठ आहे. हलवून बघायची हिंमत होत नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

हलवून बघितला.

मधला कोंब, म्हणजे न उघडलेल्या पानांची ती तलवारीसारखी मिटलेली पाती, नेहमी गडद हिरवी असते. आज बुडाकडे फिकट, बदामी. दोन बोटांत धरून किंचित वर ओढली. काही जोर लावला नाही, फ्रीजमधून काकडी काढावी तशी अलगद हातात आली. साठ सेंटिमीटर लांब, वरचे पन्नास सेंटिमीटर ठणठणीत हिरवे, खालचे दहा तपकिरी आणि मऊ, टोकाला अगदी चिखल. वास आला. ज्याने कुजलेला बटाटा पोत्याच्या तळाशी हाताने शोधलाय त्याला तो वास सांगायला नको.

मी तिथेच बादली उलटी टाकून तिच्यावर बसलो. तीच बादली.

कोकणात याला सरळ कोंब कुजणं म्हणतात आणि पावसाळ्यात नारळाला होतं तेच हे, फक्त तिथे पावसाचं पाणी असतं, इथे माझ्या मायेचं. मामांना फोन केला, त्यांची राजापूरला पन्नासेक माडं आहेत. त्यांनी एकही सहानुभूतीचा शब्द न बोलता विचारलं, "शेजारची पात घट्ट आहे का?" जाऊन बघितलं. लगतच्या दोन अर्धवट उघडलेल्या झावळ्या ओढल्या, हलल्या नाहीत. "मग गाभा जिवंत असेल. सडकं सगळं खरवडून काढ, निथळू दे, बोर्डो मिश्रण ओत, आणि परत झाकू नको." बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं ते बुरशीनाशक, इथे घरच्या बागेसाठी विकत मिळत नाही, म्हटलं. ते म्हणाले, "कसला रे देश तुमचा."

१३ फेब्रुवारी, सोमवार

फार्मसीतून तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. सकाळी कोरडं ऊन, नऊ अंश. जेवणाच्या लांब चमच्याने भोकातली घाण काढली, जेवढी पोहोचली तेवढी, चांगल्या भागाला न खरवडता. मग पन्नास मिली ओतलं. आतून सोड्याची बाटली उघडल्यासारखा आवाज आणि पांढरा फेस वर आला, तपकिरी होऊन कडेने ओघळला. फेस म्हणजे आत अजून सडका माल आहे. दहा मिनिटांनी टिपून परत ओतलं. पाच दिवसांनी पुन्हा करायचं, फेस येईनासा होईपर्यंत.

कोंब फेकला नाही, गॅरेजमध्ये ठेवलाय. का ते विचारू नये.

२६ फेब्रुवारी

तिसरा डोस. फेस नगण्य, वास गेला. नशीब एवढंच की हा फेब्रुवारी इतका कोरडा गेलाय, थेंबभर पाऊस नाही म्हटलं तरी चालेल, वरच्या पत्र्याचीही गरज पडली नाही.

आता बाहेरच्या तीन-चार झावळ्या पिवळ्या-तपकिरी व्हायला लागल्यात, जानेवारीचा मार. कापल्या नाहीत. अर्धं मेलेलं पानसुद्धा शेंड्याला वाऱ्यापासून आडोसा देतं, आणि झाड त्यातला पोटॅश, मॅग्नेशियम शोषून घेत असतं, आपल्याला दिसायला वाईट दिसतं म्हणून हिरावून घ्यायचं नाही.

८ मार्च, बुधवार

बर्फ! मार्चमध्ये! सकाळी उठून बघतो तर सगळं पांढरं. धावत जाऊन आधी शेंड्याच्या भोकावर, प्रामाणिकपणे सांगतो, मुलाची जुनी टोपी घातली. मग फ्लीस, केबल. उणे २.५ च. दुपारी दोनला सगळं काढलं, टोपीसकट. शिकलो एवढंच म्हणायचं.

२२ मार्च, बुधवार

गुढीपाडवा. गुढी मागच्या दाराला, कडुनिंब नाही मिळाला, कढीपत्त्यावर भागवलं. बाहेर १३ अंश, सरी.

शेंड्यातल्या भोकात टॉर्च मारून बघितलं. तळाशी काहीतरी फिकट दिसतं, क्रीम रंगाचं. गाभा असेल किंवा सुकलेला बुरशीचा थर असेल, माझी पाठ दुखेपर्यंत बघूनही ठरवता आलं नाही. बायकोने बघितलं आणि म्हणाली, "मला तर आत पनीर दिसतंय."

१० एप्रिल, सोमवार

ईस्टरची सुट्टी. मार्करची युक्ती केली. कोंबाचं भोक आहे त्याच्या लगतची जी सगळ्यात आतली झावळी, ती आणि तिच्या बाहेरची, दोन्हींच्या देठांवरून मिळून काळ्या परमनंट मार्करने एक आडवी रेघ ओढायची, पट्टी लावून. बाहेरचं पान वाढायचं थांबलेलं असतं. आतलं वाढत असेल तर रेघ तुटते, आतला तुकडा वर सरकतो. बस, एवढंच. याच्यापेक्षा चांगली तपासणी माझ्या माहितीत नाही, ओढून बघण्यापेक्षा तर शंभर पटीने बरी.

१५ एप्रिल : रेघ सरळ.

१९ एप्रिल : सरळ. मुलगा म्हणाला थोडी तुटलीय. मी भिंग आणलं. सरळच होती.

२३ एप्रिल, रविवार

तुटली. चार मिलिमीटर.

पट्टीने मोजलं, मग बायकोला बोलावून मोजायला लावलं, ती साडेतीन म्हणाली. फोटो काढून मामांना पाठवला, त्यांचा अंगठा आला. आईला फोन केला तर ती म्हणाली आता त्याला पाणी घाल जरा, किती दिवस कोरडं ठेवणार. बरोबर होतं. महिनाभरात पहिल्यांदा एक बादली कोमट पाणी, बुडात, शेंड्यात थेंबही नाही.

६ मे, शनिवार

टीव्हीवर राजा चार्ल्सचा राज्याभिषेक, बाहेर पाऊस. रेघ आता ५१ मिलिमीटर तुटलेली.

बाहेरच्या सहा मेलेल्या झावळ्या आज कापल्या, काटे आधी कात्रीने छाटून मग करवत. कचऱ्यात टाकणार होतो, पण पाती चिवट आणि लांब, बोटांवर गुंडाळली तरी तुटत नव्हती. व्हिडिओ कॉल लावला. आईने तिकडून सूचना दिल्या : पाती देठापासून ओरबाडून काढ, दोन दिवस सुकव, मग टोकं बारीक चीर, उलट दुमडून मुठीपाशी त्याच पातीने आवळ. पातं चिरायला तिने आधी विळीचं पातं सांगितलं, मग म्हणाली काटा-चमचा असेल तर काट्याने ओढ, तुझ्याच्याने विळी नको.

९ मे

केरसुणी झाली. म्हणजे केरसुणीसारखं काहीतरी झालं. मूठ तिरकी, एका बाजूला जाड, आणि झाडताना जेवढा कचरा गोळा करते त्याच्या निम्मा स्वतःचाच गाळते. आई म्हणाली ठीक आहे, पूजेला चालेल, झाडायला तुमचा व्हॅक्यूम आहेच.

११ जून, रविवार

तीस अंश. नवं पान बाहेर आलं आणि उघडतंय. पूर्ण नाही, टोकाकडचा एक तृतीयांश भागच नाही, सगळी पाती एका रेषेत कात्रीने छाटल्यासारखी सपाट, कडेला तपकिरी किनार. जो भाग फेब्रुवारीत आत कुजला तोच हा, तेव्हा तो गाभ्यात दोन बोटांचा होता, आता वाढून वर आलाय. मुलगा म्हणतो आर्मी कट. त्याच्या मागून पुढचा कोंब दिसतोय, २२ सेंटिमीटर, त्याचं टोक शाबूत आहे, चिमटीत धरून बघायचा मोह झाला पण हात खिशात घातले.

फ्लीस धुवून माळ्यावर टाकला. केबल गुंडाळून त्याच पिशवीत, थर्मोस्टॅटला चिठ्ठी चिकटवली : पाचच्या वर गेलं की उघड, फायनल असली तरी. बादली आजोबांना दिली, त्यांना टोमॅटोला हवी होती.

झावळ्या आता २५. खत उद्या.